पाटाच्या पाण्यावरची वीज

भोर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, वरंध घाटाच्या माथ्यावरून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. कड्याच्या त्या अंगाला पडलेलं पावसाचं पाणी महाडकडे उतरतं, सावित्रीला मिळतं आणि लवकरच खाडीला लागतं. कड्याच्या या अंगाला पडलेलं पाणी मात्र नीरेत जातं. नीरा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि समुद्र गाठायला त्या पाण्याला सारं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंत जावं लागतं. या लांबच्या प्रवासातल्या पहिल्या काही कोसांतच त्याला अडवून ठेवलं जातं. नीरेवर नीरा देवघर, वेळवंडीवर भाटघर, शेजारच्या वेल्हे तालुक्यात कानंदीवर गुंजवणी, आंबीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव. वेल्ह्याचं नाव आता सरकारदरबारी राजगड झालं आहे. राजगड आणि तोरणा या दोन किल्ल्यांच्या आसपासचा हा मुलूख पुणे जिल्ह्याची पाण्याची कोठी आहे.

कोठी केवढी, तेही पाहू. भाटघरचा उपयुक्त साठा 23.5 टीएमसी (अब्ज घनफूट), नीरा देवघरचा 11.73, गुंजवणीचा 3.69. खाली वीर धरणात 9.41 टीएमसी धरले की नीरा खोऱ्यातल्या चार धरणांची बेरीज 48.33 टीएमसी होते. वेल्ह्यातलं वरसगाव 12.82 आणि पानशेत 10.65 टीएमसीचं. पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या एकूण 29.15 टीएमसीपैकी तेवीसहून अधिक टीएमसी या दोन धरणांतच असतं.

या पाण्याची चर्चा नेहमी ऊस, कालवा आणि पुण्याचे नळ यांच्याभोवती होते. ते पाणी जाता जाता वीजही देतं, हे फार कमी लोकांच्या ध्यानात असतं. भाटघरच्या पायथ्याशी 16 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे, पानशेत आणि वरसगावला प्रत्येकी 8 मेगावॅटची आहेत, वीरला 9 मेगावॅटचं. नीरा देवघरलाही छोटं वीजगृह आहे. कोयनेच्या 1,960 मेगावॅटपुढे हे आकडे लहान दिसतात. तरीही या लहान केंद्रांकडे नीट पाहायला हवं, कारण नवं खोरं न बुडवता मिळणारी वीज कशी असते, हे ती दाखवतात.

पाण्यातून वीज किती मिळणार, हे दोनच गोष्टींवर ठरतं. पाणी किती, आणि ते किती उंचीवरून पडतं. दहा हजार लिटरचा टँकर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. तेवढं पाणी 40 मीटर उंचीवरून नळात सोडून चांगल्या टर्बाइनवर घातलं, तर साधारण एक युनिट वीज तयार होते. एका युनिटसाठी अख्खा टँकर! म्हणूनच कमी उंचीच्या धरणाला प्रचंड पाणी लागतं. भाटघरच्या वीजगृहातून पूर्ण क्षमतेला सोळाशे क्युसेकच्या आसपास विसर्ग होतो, म्हणजे सेकंदाला जवळपास 46 हजार लिटर. या वेगानं एक टीएमसी पाणी सोडायला सात दिवस लागतात आणि त्या सात दिवसांत सुमारे 27 लाख युनिट हाती येतात. महिन्याला दीडशे युनिट वापरणारं घर धरलं, तर दीड हजार घरांची वर्षाची गरज. आणि पाणी तर तिथेच, नदीत, पुढच्या कामाला तयार. टर्बाइन पाणी खात नाही, त्याचा फक्त जोर काढून घेते.

वीजगृहात हे सारं फार थोड्या जागेत घडतं. धरणाच्या पोटातून आलेला पोलादी नळ शंखाच्या आकाराच्या वेटोळ्यात शिरतो. वेटोळ्याच्या आतल्या बाजूला गोलाकार झडपा असतात. त्या किती उघडायच्या हे गव्हर्नर नावाची यंत्रणा ठरवते, आणि तिचं लक्ष सतत एकाच गोष्टीवर असतं, ती म्हणजे विजेची 50 हर्ट्‌झची वारंवारिता. जाळ्यातला भार वाढला की झडपा अंमळ उघडतात, भार उतरला की मिटतात. पाणी पात्यांवर आदळून चाक फिरवतं, चाकाच्या उभ्या दांड्यावर वर जनित्र बसवलेलं असतं, आणि जोर गमावलेलं पाणी खालच्या रुंद नळीतून शांतपणे नदीत उतरतं. बंद असलेलं यंत्र काही मिनिटांत पूर्ण भाराला आणता येतं. कोळशाच्या थंड पडलेल्या संचाला त्यासाठी कित्येक तास लागतात. छोट्या जलविद्युत केंद्राचं खरं मोल या मिनिटांत आहे.

भाटघरची गोष्ट विजेपेक्षा खूप जुनी. 1876-77च्या दुष्काळानं दख्खन होरपळून निघाल्यावर नीरेचा डावा कालवा काढला गेला आणि त्याला बारमाही पाणी मिळावं म्हणून वेळवंडीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिलं धरण उभं राहिलं. त्या जलाशयाला अभियंते व्हायटिंग यांचं नाव होतं. कालव्याखालची शेती वाढली, पाणी अपुरं पडू लागलं, तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला अधिक उंच दगडी धरण बांधण्यात आलं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावानं ते लॉइड धरण झालं आणि 1920च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झालं. जुनं धरण नव्याच्या पाण्यात बुडालं. हा मुलूख तेव्हा भोर संस्थानाचा, पंतसचिव घराण्याचा. जलाशयाला आज शिवकाळातले वीर येसाजी कंक यांचं नाव आहे. धरणाच्या माथ्यावरचे 45 स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, हे आजही पावसाळ्यात लोक मुद्दाम पाहायला जातात. वीज मात्र इथं उशिरा आली. धरण झाल्यावर जवळपास अर्धशतकानं, 1970च्या दशकात, पायथ्याशी वीजगृह बसलं.

वेल्ह्यातही असंच घडलं. पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून होण्याआधीच 12 जुलै 1961 रोजी फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं धरणही गेलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुढे धरण पुन्हा बांधलं, पण त्याच्या पाण्यावर वीज तयार व्हायला आणखी बराच काळ जावा लागला. थोडक्यात, या दोन तालुक्यांत एकही खोरं विजेसाठी म्हणून बुडवलेलं नाही. ते शेतीसाठी आणि शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बुडालं, आणि वीज मागाहून, तयार भिंतीच्या पायथ्याशी, त्याच पाण्यातून निघाली.

याचा एक परिणाम असा की इथं वीज कधी करायची हे विजेची गरज ठरवत नाही. ते आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, ठरवतं. कालवा सल्लागार समितीत उन्हाळी आवर्तन ठरलं की भाटघरमधून पाणी सुटतं, वीरमध्ये येतं, तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी पुरंदर, बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यात येऊन पुण्याच्या नळांत आणि पुढे कालव्यातून दौंड-इंदापूरकडे जातं. पाटाला पाणी, तेव्हा जनित्राला पाणी. आवर्तन बंद, तर जनित्रही बंद. पाटबंधाऱ्यांचं वेळापत्रक आणि राज्याची संध्याकाळची विजेची मागणी यांची सांगड आपोआप बसत नाही, ती बसवावी लागते. आवर्तनाचं पाणी दिवसभर एकसारखं न सोडता त्यातला मोठा भाग संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यान सोडला, आणि खालच्या बंधाऱ्यात किंवा धरणात ते सावरून कालव्याला सम प्रमाणात दिलं, तर शेतकऱ्याचा थेंबही कमी होत नाही आणि वीज ऐन गरजेच्या वेळी मिळते. भाटघरच्या खाली वीर आहे, पानशेत-वरसगावच्या खाली खडकवासला आहे. निसर्गानं आणि आधीच्या अभियंत्यांनी ही सोय आयती करून ठेवली आहे. मात्र पाणी चढ-उतार करत सुटणार असेल तर नदीकाठच्या मोटारी, जनावरं आणि पात्रात उतरणारी माणसं यांची काळजी आधी घ्यावी लागेल. भोंगा आणि दवंडी वेळेवर व्हायला हवी.

दुसरी अडचण उंचीची. भाटघर भरलेलं असतं तेव्हा पाण्याची उंची भरपूर मिळते. आवर्तनं सुटत जातात तशी पातळी उतरते, आणि उंची उतरली की तेवढ्याच पाण्यातून वीज कमी निघते. एका ठरावीक पातळीखाली तर टर्बाइन चालवताच येत नाही. ऐन मे महिन्यात, पाणी तळाला गेलं की वेळवंडी खोऱ्यात कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. वर्षातला बहुतेक काळ ते पाण्याखाली असतं. दगडी भिंतीवर वाळलेला गाळ, आजूबाजूला भेगाळलेली जमीन, आणि दर्शनाला लोटलेली माणसं. देवळाचं दर्शन खुलं झालं म्हणजे भाटघरच्या जनित्राचे दिवस भरले, असं खुशाल समजावं. राज्यात विजेची मागणी चढलेली असते ती नेमकी याच दिवसांत.

शेजारच्या मुळशी आणि मावळ तालुक्यांनी दुसरी वाट पाहिली आहे. तिथं टाटांनी सह्याद्रीचा कडाच वापरला. घाटमाथ्यावर धरणं बांधून पाणी बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेला कोकणात सोडलं. खोपोली 1915, भिवपुरी 1922, भिरा 1927. कडा इथं पाचशे मीटरच्या आसपास उतरतो. भाटघरला 27 लाख युनिट देणारं एक टीएमसी पाणी या उंचीवरून सव्वातीन कोटींहून अधिक युनिट देतं. इतक्या उंचीचं पाणी पेल्टन चाकाच्या वाट्यांवर बारीक, जोरकस धारेनं सोडतात. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे या पाण्यावर चालल्या.

त्याची किंमतही मोठी होती. मुळशीच्या मावळ्यांनी जमिनी वाचवण्यासाठी 1921 मध्ये सत्याग्रह सुरू केला, पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले आणि ‘सेनापती’ ही पदवी त्यांना तिथंच मिळाली. सत्याग्रह हरला, भाताची खाचरं बुडाली. शिवाय कोकणात सोडलेल्या पाण्याला पूर्वेचे दुष्काळी तालुके कायमचे मुकतात. कृष्णा खोऱ्यातलं चाळीसहून अधिक टीएमसी पाणी दरवर्षी टाटांच्या धरणांतून पश्चिमेला वळवलं जातं आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. भोर-वेल्ह्यातली वीज उंचीला कमी पडते, पण तिचं पाणी खालच्या शेतकऱ्याच्या हिश्शातून जात नाही. हा फरक वीज मोजणाऱ्यांनी विसरू नये.

धरण न बांधता, वाहत्या पाण्यातच पंखा बुडवून वीज काढता येणार नाही का? हा प्रश्न कालव्याकाठच्या कुणालाही पडतो. नीरेच्या कालव्याला आवर्तनात काठोकाठ पाणी वाहताना पाहिलं की तो अगदी साहजिक वाटतो. समुद्रात हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, मुख्य भूमी आणि स्ट्रोमा बेट यांच्यामधल्या सामुद्रधुनीत तळाशी दीड-दीड मेगावॅटच्या चार टर्बाइन बसवल्या आहेत. भरती-ओहोटीचा प्रवाह त्या फिरवतो. भिंत नाही, जलाशय नाही. उत्तर आयर्लंडच्या स्ट्रँगफर्ड खाडीत 2008 मध्ये 1.2 मेगावॅटचं असंच यंत्र बसलं होतं.

पण वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर आठपट, तिप्पट झाला तर सत्तावीसपट. अरुंद सामुद्रधुनीत सेकंदाला तीन मीटर वेगानं वाहणाऱ्या पाण्यात दर चौरस मीटरला साडेतेरा किलोवॅटहून अधिक जोर असतो. आपला कालवा मुद्दामच संथ ठेवलेला असतो, काठ आणि तळ धुपू नये म्हणून. सेकंदाला एक मीटरच्या प्रवाहात दर चौरस मीटरला अर्धा किलोवॅट, आणि त्यातला जेमतेम दोनशे वॅटचा वाटा पंख्याच्या हाती लागतो. म्हणून कालव्यात वीज शोधायची तर सरळ वाहत्या पाण्यात शोधू नये. कालवा जिथं पायरी उतरतो, तिथल्या धबधब्यापाशी शोधावी. तिथं दोन-चार मीटरचीही उंची कामाची ठरते.

भरती-ओहोटीच्या विजेत एक गुण असा आहे की तिचा हिशेब पंचांगावर मांडता येतो. कोकणातला कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. वीस वर्षांनंतरच्या एखाद्या दिवशी समुद्र किती वाजता किती चढेल हे आज सांगता येतं. वाऱ्याचं आणि उन्हाचं तसं नाही, आणि आपल्या धरणांचंही नाही. ती पावसावर अवलंबून. पण भारतात ही वीज अजून कागदावरच आहे. देशाची क्षमता सुमारे 12,455 मेगावॅट काढली गेली आहे, आणि भरतीचा मोठा फरक मिळणाऱ्या खंबायत आणि कच्छ या गुजरातच्या दोन आखातांवर त्यात मोठी भिस्त आहे. कच्छमध्ये 50 मेगावॅटचा, सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर 3.75 मेगावॅटचा प्रकल्प ठरला होता. दोन्ही खर्चापायी बारगळले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर भरतीचा फरक खंबायतच्या निम्म्यापेक्षाही कमी, आणि दक्षिणेला जावं तसा तो आणखी घटतो. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या समुद्रातून लवकर मोठी वीज मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

दक्षिण कोरियातलं सिहवा इथलं उदाहरण मात्र भोरच्या माणसाला ओळखीचं वाटेल. तिथं समुद्राला बांध घालून 1994 मध्ये शेतीसाठी गोड्या पाण्याचं सरोवर केलं. पाणी अडलं आणि कारखान्यांच्या सांडपाण्यानं सडलं. शेवटी त्याच तयार बांधात टर्बाइन बसवून 2011 मध्ये 254 मेगावॅटचं केंद्र सुरू झालं. भरतीचं पाणी पुन्हा आत-बाहेर खेळू लागलं, वीज मिळाली आणि सरोवरही सुधारलं. फ्रान्समध्ये सेंट मालो शहराजवळ रान्स नदीच्या मुखावर 1966 पासून 240 मेगावॅटचं केंद्र चालू आहे, पण तिथं बांध विजेसाठीच घातला आणि खाडीतल्या जीवसृष्टीची घडी पुन्हा बसायला अनेक वर्षं गेली. जी भिंत उभी आहे तिच्यातून आधी वीज काढावी, हा शहाणपणा सिहवाचा आणि भाटघरचा एकच.

आता सह्याद्रीच्या कड्याकडे पुन्हा नजरा वळल्या आहेत. उन्हाची वीज दुपारी उतू जाते आणि दिवे लागणीला नाहीशी होते, म्हणून दुपारच्या विजेवर पाणी खालून वर चढवायचं आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज परत मिळवायची, अशी उदंचन योजना मांडली जाते. अकोले आणि शहापूर तालुक्यांच्या सीमेवर घाटघरला 250 मेगावॅटचं असं केंद्र 2008 पासून आहे, भिऱ्यालाही 150 मेगावॅटचा असा संच आहे. मावळातल्या शिरवटा इथं 1,800 आणि भिवपुरीला 1,000 मेगावॅटसाठी टाटा पॉवरनं राज्य सरकारशी ऑगस्ट 2023 मध्ये करार केला. चढवलेल्या विजेतली पाऊण ते चार-पंचमांश परत मिळते, बाकी वाटेत जाते. साठवणुकीची ही रीत जुनी, पक्की आणि उपयोगाची आहे, यात शंका नाही. वरंध आणि मढे घाटाचे कडे पाहून अभियंत्याला इथंही मोह होणं स्वाभाविक आहे.

पण भोर-वेल्ह्यानं आपला वाटा आधीच दिला आहे. इथल्या खोऱ्यांतली भाताची जमीन पाण्याखाली गेली, कितीतरी कुटुंबं पूर्वेकडच्या लाभक्षेत्रात उठून गेली, आणि काठावर राहिलेल्या वाड्यावस्त्यांना भरलेल्या जलाशयाच्या शेजारी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे या भागात नवी भिंत घालण्याआधी जुन्या भिंतींचा पुरता उपयोग झालाच पाहिजे. पायथ्याची यंत्रं जुनी झाली असतील तर ती बदलावीत, आवर्तनाचं पाणी संध्याकाळच्या वेळेशी जुळवावं, कालव्याच्या पायऱ्यांवर छोटी जनित्रं बसवावीत, आणि या विजेच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा काठावरच्या गावांच्या पाणीयोजनांना द्यावा. यातलं एकही काम नवं खोरं मागत नाही.

येत्या पावसाळ्यात धरणांच्या विसर्गाची बातमी येईल तेव्हा वाचकांनी तिच्यातले दोन आकडे वेगळे पाहावेत. एक सांडव्यावरचा, दुसरा विद्युतगृहातला. सांडव्यावरून गेलेलं पाणी पुराचं, त्याला इलाज नाही. पण धरणातून ठरवून सोडलेलं पाणी विद्युतगृह बंद ठेवून दुसऱ्याच मोरीनं जात असेल, तर ते का, हा प्रश्न आपल्या आमदाराला आणि जलसंपदा खात्याला जरूर विचारावा.